खजुराबरोबर मिस्वाकही

रमजानचा चंद्र दिसला की गंगापूरच्या बाजाराचे वेळापत्रक बदलते. दिवसभर निवांत असलेल्या गल्ल्या असरच्या नमाजनंतर गजबजू लागतात. खजुराचे ढीग, फेण्या, शेवया, कापलेली फळे, तळणीतून पाकात पडणारी जिलेबी आणि लाल सरबताच्या बाटल्या यांनी हातगाड्या भरून जातात. याच गर्दीत एखाद्या मशिदीच्या दाराशी अत्तर, टोपी आणि तसबीह विकणारा बसलेला असतो. त्याच्या पुढ्यात मिस्वाकच्या काड्यांची जुडीही असते. खजूर घेणारे शंभर असतील, तर मिस्वाक घेणारे मोजकेच दिसतात. हज किंवा उमराहून परतणारे नातेवाईक जमजम, खजूर आणि मिस्वाक अशा तिन्ही वस्तू प्रेमाने वाटतात. जमजम त्याच दिवशी पिऊन होते, खजूर आठवड्यात संपतो आणि मिस्वाक कपाटात वाळत पडते. घराण्याच्या वारशातले गोड तेवढे उचलायचे आणि शिस्त बाजूला ठेवायची, ही सवय किती घरांत रुजली आहे ते या एका काडीवरून कळते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तोंडाच्या स्वच्छतेला दिलेले महत्त्व हदीसच्या ग्रंथांत वारंवार आले आहे. लोकांना जड जाईल ही काळजी नसती, तर प्रत्येक नमाजच्या वेळी मिस्वाक करण्याचा हुकूमच दिला असता, अशा आशयाची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. घरात पाऊल टाकल्यावर प्रेषित सर्वप्रथम मिस्वाक करीत, हे हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितले आहे. प्रेषितांच्या अखेरच्या आजारातला प्रसंग तर हृदयाला भिडणारा आहे. हजरत आयेशा यांचे बंधू अब्दुर्रहमान हातात मिस्वाक घेऊन आले. प्रेषितांची नजर त्या काडीवर खिळली. हजरत आयेशा यांनी ती काडी घेतली, मऊ करून दिली आणि त्या अवस्थेतही प्रेषितांनी दात स्वच्छ केले. ही शिकवण कुणा मोठ्या सभेतून आलेली नाही. ती एका घरातून, पत्नीच्या आठवणीतून पुढच्या पिढ्यांपर्यंत पोहोचली. वारसा असाच पोहोचतो. उपदेशाने कमी आणि रोज डोळ्यांना दिसणाऱ्या कृतीने जास्त.

मराठवाड्यातही हा वारसा स्थानिक झाडांच्या रूपाने होताच. अरबस्तानात मिस्वाक पीलूच्या झाडाची असते. गोदावरीच्या काठी पीलू सहज मिळत नसे, म्हणून कडुनिंब आणि बाभळीची काडी दातवण झाली. दादा-नाना फजरच्या नमाजला निघताना ओट्यावर काडी चघळत, नातू त्यांचे पाहून आपलीही काडी चघळू लागत. जेवणानंतर खळखळून चूळ भरण्याची सवय वुजूमुळे दिवसातून पाच वेळा आपोआप पाळली जाई. गोड तर सणासुदीलाच होई. ईदला शीरखुर्मा, लग्नात मिठा आणि एरवी फार तर गुळाचा खडा. हिंदू शेजाऱ्याच्या घरातही हेच चित्र होते. कडुनिंबाची काडी दोन्ही घरांच्या तोंडात सारखीच होती.

मग बदलले काय? गोड पदार्थ सणातून उठून रोजच्या ताटात आणि मुलांच्या खिशात आले. गंगापूर तालुक्याला ऊस आणि साखर काही परकी नाही. गोदाकाठी ऊस उभा राहिला आणि तालुक्याच्या नावाने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. साखर स्वस्त झाली, हाताशी आली. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्या आईबापांच्या घरी मुलाला शांत ठेवायला बिस्किटचा पुडा आणि गोळ्या-चॉकलेट सोयीचे झाले. दातवण मात्र मागासलेपणाचे वाटू लागले. काडी गेली आणि तिच्या जागी ब्रश आला खरा, पण तो सकाळी घाईत अर्धा मिनिट फिरवण्यापुरताच.

साखर दाताला नेमकी कशी लागते, हे समजून घेण्यासारखे आहे. दातावर जिवाणूंचा चिकट थर सतत साचत असतो. तोंडात साखर आली की हे जिवाणू ती खातात आणि आम्ल तयार करतात. काही मिनिटांतच दाताभोवतीची आम्लता इतकी वाढते, की वरच्या कठीण आवरणातली खनिजे विरघळू लागतात. नंतर लाळ हळूहळू हे आम्ल धुऊन काढते आणि गमावलेली खनिजे काही प्रमाणात परत देते. याला साधारण अर्धा ते एक तास लागतो. म्हणजे लाळ हीच दातांची राखणदार. दर थोड्या वेळाने गोड तोंडात पडत राहिले, तर राखणदाराला दुरुस्तीची उसंतच मिळत नाही आणि दात किडतो.

म्हणूनच साखर किती खाल्ली याइतकेच ती किती वेळा खाल्ली आणि दाताला किती वेळ चिकटून राहिली, याला महत्त्व आहे. स्वीडनमधील व्हिपेहोल्म येथे १९४० च्या दशकात झालेल्या प्रयोगातून हे पुढे आले. त्याचे निष्कर्ष १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले. जेवणाबरोबर साखर खाणाऱ्यांच्या तुलनेत दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफी खाणाऱ्यांचे दात कितीतरी अधिक किडले. हा प्रयोग मतिमंद रुग्णांवर त्यांच्या संमतीशिवाय झाला, हा त्यावरचा डाग कायमचा आहे. ज्यांच्या वेदनेतून हे ज्ञान मिळाले, त्यांच्यासाठी तरी ते वाया जाऊ नये.

हे ज्ञान रमजानला लावून पाहावे. रोजात दिवसभर पाणी नसते, त्यामुळे लाळ कमी होते आणि तोंड कोरडे पडते. मगरिबला इफ्तार होतो. खजूर, सरबत, जिलेबी येते. मग जेवण. तरावीहनंतर चहा, पुन्हा काही गोड. मुले मोबाइल पाहत सरबताचे घोट घेत जागतात. रात्र सरते आणि सहरीला दूध-फेणी किंवा शेवया पुढे येतात. वेळ संपत आली म्हणून घाईने पाणी पिऊन नियत केली जाते आणि दातांत अडकलेला तो गोड लगदा घेऊन माणूस चौदा तासांच्या कोरड्या तोंडाच्या प्रवासाला निघतो. रोजाने दात बिघडत नाहीत. उलट दिवसभर तोंडात काही पडत नाही, ही दातांसाठी विश्रांतीच असते. बिघाड होतो तो रात्रीच्या सततच्या गोडाने आणि सहरीनंतरच्या अस्वच्छतेने.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या. पदार्थांत वरून घातलेली साखर, मध, पाक आणि फळांचा रस यांतून मिळणारी ऊर्जा एकूण आहाराच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी असावी आणि शक्य तर पाच टक्क्यांपेक्षाही कमी असावी, असे त्यांत म्हटले आहे. पाच टक्के म्हणजे मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २५ ग्रॅम, सहा लहान चमचे. पाक घातलेले मोठा पेलाभर सरबत आणि दोन जिलेब्या झाल्या की ही मर्यादा मागे पडते. तेव्हा तर इफ्तारचे जेवणही वाढलेले नसते.

याचा अर्थ गोड वर्ज्य करावे असा नाही. खजुराने रोजा सोडणे ही सुन्नत आहे आणि दिवसभराच्या उपवासानंतर खजूर लगेच ताकद देतो. मात्र खजूर चिकट असतो, म्हणून त्यावर घोटभर पाणी प्यावे आणि चूळ भरावी. इफ्तारनंतर मगरिबचा वुजू असतोच, तेव्हा चूळ नावापुरती नको, खळखळून हवी. जे काही गोड खायचे ते इफ्तारच्या बैठकीतच खाऊन मोकळे व्हावे. रात्रभर थोडे थोडे चाखत राहू नये. तहान पाण्याने भागवावी. साखर न घातलेले ताक किंवा लिंबाऐवजी सब्जाचे साधे पाणीही चालते. सहरीला भाकरी, डाळ, अंडे, दही असे साधे अन्न ठेवावे. ते पोटाला जास्त वेळ धरते आणि दातालाही सोसते. तरावीहनंतर झोपण्यापूर्वी एकदा आणि सहरी संपण्यापूर्वी एकदा, फ्लोराईडयुक्त टूथपेस्टने दोन मिनिटे दात घासावेत. त्यासाठी सहरीला दहा मिनिटे आधी उठावे लागेल, एवढीच काय ती किंमत आहे.

दिवसा रोजात काय करावे, हा प्रश्न अनेकांना पडतो. टूथपेस्टचा अंश घशात जाण्याची भीती असल्याने उलेमा ती रोजात टाळायला सांगतात. मिस्वाकची मुभा मात्र आहे. दुपारनंतर ती करावी की नाही याबाबत शाफई मतात वेगळा विचार आहे, पण हनफी मतानुसार दिवसभर केव्हाही करता येते. रोजेदाराच्या तोंडाचा वास अल्लाहला कस्तुरीहून प्रिय आहे, या हदीसचा आधार घेऊन काही जण तोंड स्वच्छ करायचेच सोडतात. रिकाम्या पोटामुळे येणारा वास वेगळा आणि दातांत कुजणाऱ्या अन्नाचा वास वेगळा. पहिल्याचा गौरव आहे म्हणून दुसऱ्याला सूट मिळत नाही.

मिस्वाक वापरण्याचीही रीत आहे. टोकाची बोटाच्या पेराएवढी साल काढावी, काडी पाण्यात भिजवावी, तंतू मऊ होईपर्यंत चघळावे आणि मग हिरडी न सोलवटता हलक्या हाताने दातांवर फिरवावी. तंतू झिजले की ते टोक कापून टाकावे. तीच काडी महिनोन् महिने खिशात बाळगणे स्वच्छतेच्या उलट आहे. मागच्या दाढांच्या फटीत काडी नीट पोहोचत नाही, म्हणून मिस्वाक आणि ब्रश एकमेकांचे वैरी नसून सोबती समजावेत. दहाव्या शतकातले कॉर्डोबाचे शल्यविशारद अल्-जहरावी यांनी आपल्या ‘अत्-तसरीफ’ या ग्रंथात दातांवरचे किटण खरवडण्याच्या हत्यारांचे वर्णन केले आहे. सुन्नत जपणाऱ्या समाजानेच नवी हत्यारेही घडवली होती, हे विसरू नये.

वारशाबाबत आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. आजी-आजोबांकडून आलेले सगळेच जपण्यासारखे नसते. ग्रामीण महाराष्ट्रात तंबाखू तव्यावर भाजून, कुटून केलेली मशेरी अनेक घरांत दात घासायला वापरली जाते. स्त्रियांमध्ये तर ती फार खोल रुजली आहे. दात दुखायचे थांबतात असे वाटते, पण प्रत्यक्षात तंबाखूची सवय लागते, हिरड्या खराब होतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. राख, कोळसा आणि विटेची भुकटी दातांचे आवरण खरवडून काढतात. घरातली वडीलधारी वापरत होती म्हणून हे पुढे चालवणे म्हणजे वारसा जपणे नव्हे. रमजानमध्ये पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत मशेरी, गुटखा, विडी यांतले काहीच तोंडात जात नाही. जो माणूस महिनाभर रोज इतके तास तंबाखूशिवाय राहू शकतो, तो इफ्तारनंतरही राहू शकतो. सोडण्यासाठी याहून चांगला महिना वर्षात दुसरा नाही.

सर्वांत मोठी जबाबदारी आहे ती लहान मुलांची. मूल पहिला रोजा धरते, रोजाकुशाई होते, गळ्यात हार पडतो आणि कौतुकाने चॉकलेटांची पिशवी हातात येते. दुधाचे दात पडणारच आहेत, मग किडले तर काय बिघडले, असे म्हटले जाते. पण हे वीस दात कायमच्या दातांची जागा राखून ठेवतात. ते अकाली गेले तर येणारे दात वेडेवाकडे येतात. शिवाय साधारण सहाव्या वर्षी मागच्या बाजूला पहिली कायमची दाढ येते. कोणताही दात न पडता ती येते, म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते आणि किडून जाते. ती पुन्हा उगवत नाही. दातदुखीने रात्रभर रडणाऱ्या मुलाला लवंग लावून गप्प करता येईल, कीड त्याने थांबत नाही. छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. गंगापूरहून तेथे जाऊन सकाळी गेलेला माणूस संध्याकाळी घरी येऊ शकतो. ठणका सुरू होण्याआधी एकदा दाखवून आणणे स्वस्तही पडते आणि मुलाचा दातही वाचतो.

मुलाच्या कौतुकाला खेळणे, पुस्तक, नवा सदरा किंवा त्याच्या बोटांना शोभेल अशी छोटी मिस्वाकही चालेल. मधुमेह असलेल्या वडीलधाऱ्यांकडेही लक्ष हवे. मधुमेहात हिरड्यांचे आजार बळावतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात ठेवणे अवघड जाते. त्यांच्यासाठी सरबताचा पेला बाजूला ठेवण्यात अनादर नाही, ती काळजीच आहे.

शरीर ही अल्लाहची अमानत आहे आणि त्याचा माणसावर हक्क आहे, ही इस्लामची शिकवण आहे. ईदुल्फित्रच्या सकाळी आंघोळ करून, मिस्वाक करून, विषम संख्येत खजूर खाऊन ईदगाहकडे निघणे ही रीत आहे. रमजानचे उरलेले दिवस त्या सकाळीची तयारी करायला पुरेसे आहेत. आजपासून इफ्तारच्या दस्तरखानावर घरातल्या मोठ्यांनी स्वतः चूळ भरावी, तरावीहनंतर स्वतः दात घासावेत आणि मुलांना फक्त पाहू द्यावे. काय उचलायचे ते मुले बरोबर उचलतात.