पेठ सोडून न जाणारे संघ

कोल्हापुरात आलेला पाहुणा अंबाबाईचं दर्शन घेतो, मिसळ खातो, रंकाळ्यावर चक्कर मारतो आणि शहर पाहून झालं असं समजतो. हिवाळा सुरू झाल्यापासून उन्हाळा संपेपर्यंत कधीही तो आला, तर त्याने एक दुपार राखून ठेवावी आणि छत्रपती शाहू स्टेडियम गाठावं. या जागी पूर्वी रावणेश्वर तलाव होता. वरुणतीर्थाचं जसं गांधी मैदान झालं, तसं रावणेश्वराचं फुटबॉलचं मैदान झालं. हंगामात बहुतेक दिवशी इथे दोन सामने असतात, एक दीडच्या सुमारास आणि दुसरा चारला. दीडच्या सामन्याला ऊन रणरणतं आणि जागा हवी तेवढी मिळते. चारच्या सामन्यात मात्र पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ यांपैकी दोघांची गाठ असली, तर पहिला सामना संपण्याआधीच पायऱ्या धरून बसावं लागतं.

भारतीय फुटबॉलच्या उतरंडीत ही जागा फार खालची आहे. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, म्हणजे केएसएची, ही शहरापुरती लीग. आधी लीग होते आणि मग वेगवेगळ्या चषकांच्या बाद फेरीच्या स्पर्धा. राष्ट्रीय वाहिन्यांना तिची दखल नसते. तरीही मोठ्या सामन्याला हजारो माणसं जमतात, आणि त्यांतला जवळजवळ प्रत्येक जण कुठल्या तरी एका संघाचा असतो. नुसता खेळ बघायला आलेला तटस्थ माणूस इथे विरळा.

याचं कारण संघांच्या नावातच लिहिलेलं आहे. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ साली पूर्ण झालेलं खासबाग मैदान उभारलं, आणि पेठापेठांतल्या तालमी हे शहराचं सार्वजनिक जीवन झालं. गणपती तालमीचा, मदतीला धावणारी पोरं तालमीची, आणि पुढे फुटबॉलचा संघही तालमीचा. लाल मातीतली ईर्षा हिरवळीवर आली. इथल्या पोराला संघ निवडावा लागत नाही. तो ज्या गल्लीत जन्मतो, तिचा संघ त्याचा होतो.

महाराष्ट्रातल्या मोठ्या संघांकडे पाहिलं की या गोष्टीची खरी किंमत कळते. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीने संघच बंद केला. पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला. दोन वर्षांनी तोही मैदानातून गेला. डीएसके शिवाजीयन्सचा प्रवास २०१७ मध्ये थांबला. इंडियन सुपर लीगच्या पहिल्या, २०१४ च्या हंगामापासून खेळणारा एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला गेला आणि लीगमधली त्याची जागा नव्या हैदराबाद एफसीला मिळाली. त्याच हैदराबादचं बिऱ्हाड २०२५ मध्ये दिल्लीला हललं. सहा वर्षांत एक संघ पुण्याहून हैदराबादला, तिथून दिल्लीला! प्रत्येक मुक्कामी कुणीतरी झेंडे शिवले होते, कुणीतरी लेकराला जर्सी घेऊन दिली होती. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

मंगळवार पेठेतून पाटाकडील तालीम कोण उचलून नेणार? पैसा कमी पडला तर वर्गणी निघते, एखादा हंगाम वाईट गेला तर पेठ चिडते, शिव्या देते आणि पुढच्या सामन्याला पुन्हा येते. २०२५ च्या जुलैमध्ये आयोजकांच्या कराराचा प्रश्न सुटेना म्हणून इंडियन सुपर लीगचा हंगाम लांबणीवर टाकला गेला, आणि देशातले नावाजलेले खेळाडू आपलं पुढे काय होणार याच्या घोरात पडले. वरचा मजला असा डळमळत असताना खालच्या मजल्याकडे लक्ष द्यायला हवं, आणि ते आपल्याकडे फारसं कुणी देत नाही.

खेळाडू या मातीत आहेत. कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला, २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला आणि २०२१-२२ चं सुपर लीगचं विजेतेपद मिळवणाऱ्या संघात होता. तो संघ होता हैदराबाद एफसी. निखिल कदमने मोहन बागानची जर्सी घातली. उलट दिशेनेही माणसं येतात. आफ्रिकेतले खेळाडू इथल्या तालमींकडून खेळून गेले आहेत आणि पेठेने त्यांना आपल्या पोरांसारखंच डोक्यावर घेतलं आहे.

या ईर्षेची काळी बाजू कोल्हापूरकर जाणतात. सामन्यानंतर हाणामाऱ्या झाल्या आहेत, दगड फेकले गेले आहेत, मैदानावरचं भांडण चौकात गेलं आहे. त्यापायी सामने थांबवण्याची वेळ आली आहे आणि बंदोबस्त तर नेहमीचाच झाला आहे. पेठेचं प्रेम म्हणून हे पोटात घालता येणार नाही. पण स्पर्धाच बंद ठेवणं हा उपाय चुकीचा आहे, कारण त्यात सर्वांत मोठं नुकसान वीस-बावीस वर्षांच्या खेळाडूचं होतं आणि त्याने दगड उचललेला नसतो. ज्या तालमीचा प्रेक्षक दंगा करेल तिचे गुण कापावेत, तिचा पुढचा सामना रिकाम्या पायऱ्यांसमोर खेळवावा. गुण जाणार म्हटल्यावर तालमीतली वडीलधारी माणसंच पोरांना आवरतील. त्यांचा शब्द पोलिसांच्या काठीपेक्षा पेठेत जास्त चालतो.

इंग्लंडमध्ये अशा छोट्या मैदानांची जाणीवपूर्वक कदर होते. शेफील्डमधलं सँडीगेट हे हॅलम एफसीचं मैदान. तिथे २६ डिसेंबर १८६० रोजी हॅलम आणि शेफील्ड यांच्यात सामना झाला, आणि जगातलं सर्वांत जुनं फुटबॉल मैदान म्हणून गिनेस बुकात त्याची नोंद आहे. क्लब व्यावसायिक लीगच्या कितीतरी पायऱ्या खाली खेळतो, तरी लांबून माणसं मुद्दाम तिकीट काढून हे उतरतं मैदान बघायला येतात. २०१० पासून इंग्लंडमध्ये ‘नॉन-लीग डे’ही पाळला जातो. आंतरराष्ट्रीय सामन्यांमुळे वरच्या दोन लीगना सुट्टी असते, त्या शनिवारी मोठ्या क्लबांच्या चाहत्यांनी जवळच्या छोट्या मैदानावर जावं, एवढीच त्यामागची कल्पना.

महाराष्ट्रातही हे जमण्यासारखं आहे. लिव्हरपूल किंवा आर्सेनलसाठी मध्यरात्रीपर्यंत जागणारी मुलं मुंबईत, पुण्यात, नागपुरात हजारोंनी आहेत. त्यांपैकी किती जणांनी केएसएचा एक तरी सामना पाहिला असेल? त्यांनी यावं असं वाटत असेल, तर संपूर्ण हंगामाचं वेळापत्रक आधी जाहीर व्हायला हवं आणि तिकीट फोनवरून काढता यायला हवं. पायऱ्यांवर आज पुरुषांचीच गर्दी दिसते. बायकांना आणि लहान मुलांना बिनघोर बसता येईल अशी सावलीची जागा आणि स्वच्छ स्वच्छतागृहं, ही खर्चाची पहिली बाब असायला हवी. एखाद्या चषकाच्या बक्षिसाची रक्कम थोडी कमी झाली तरी चालेल. शासनाने आणि राज्य संघटनेनेही एक प्रश्न सोडवावा: शहराची लीग जिंकणाऱ्या तालमीला वर चढायला सरळ जिना मिळाला पाहिजे, म्हणजे पेठेचा संघ पेठेतच राहून देशापुढे खेळेल.

तोवर प्रेक्षकाने वाट बघत बसायचं कारण नाही. महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री मुंबईहून सुटते आणि सकाळी कोल्हापूरला पोहोचते. शनिवारी निघालेल्या माणसाला रविवारी सकाळी खासबाग आणि दुपारी शाहू स्टेडियमवरचे दोन्ही सामने पाहून रात्री त्याच गाडीने सोमवारच्या कामावर परतता येतं.