पिंपरीच्या मातीतला हिरो

जूनचा दुसरा आठवडा. एक डेडलाइन कशीबशी पुढे ढकलून मी कळंबला दादाकडे पोचले होते. यवतमाळजवळचं कळंब हं, चिंतामणीचं. धाराशिव जिल्ह्यातही एक कळंब आहे आणि ऑनलाइन तिकीट काढताना मी एकदा तो घोळ घातलेला आहे. असो. तर संध्याकाळी अंगणात चहा चालू असताना मृगाचा पहिला पाऊस आला. भेगाळलेल्या काळ्या मातीवर टपोरे थेंब पडले आणि तो वास सुटला. सगळे एकदम गप्प. वहिनीने डोळेच मिटले.

"असा वास तुमच्या पुन्यात येते काय?" दादाने विचारलं.

येतो की! पार्किंगमध्ये, पेव्हर ब्लॉकच्या फटीतून, पाच मिनिटं. पण या वासाच्या निमित्ताने मला दादाला एक गोष्ट सांगायची होती आणि आता तुम्हालाही सांगते.

या वासात मोठा वाटा असलेल्या रसायनाचं नाव जिओस्मिन. एक लाख कोटी भागांत पाच-सात भाग जरी असलं तरी आपल्या नाकाला कळतं. ते तयार करतो मातीतला एक जीव, स्ट्रेप्टोमायसिस. नावातल्या 'मायसिस'चा अर्थ बुरशी. दिसतोही तसाच, पांढुरक्या तंतूंचं जाळं विणत वाढणारा. प्रत्यक्षात मात्र तो बॅक्टेरिया आहे, हे शास्त्रज्ञांनाही नीट उमगायला बराच वेळ लागला. हा वास तो आपल्यासाठी सोडत नाही बरं का! 2020 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं, की मातीतले स्प्रिंगटेल नावाचे इवले जीव या वासाच्या मागे येतात, त्याला खातात आणि त्याचे बीजाणू अंगावर घेऊन दुसरीकडे जातात. म्हणजे फुकटची कुरिअर सर्व्हिस.

आता खरी गंमत. मातीत प्रचंड गर्दी, खायला कमी. दादर स्टेशनवर संध्याकाळी सातला असते तशी अवस्था. अशा ठिकाणी टिकायचं तर शेजाऱ्याला आवरायला हवं, म्हणून बुरशी आणि तिचे हे सोंगाडे चुलत भाऊ रसायनं सोडतात. तीच आपली अँटिबायोटिक्स. पेनिसिलिन बुरशीचं. 1943 मध्ये टीबीवर सापडलेलं स्ट्रेप्टोमायसिन स्ट्रेप्टोमायसिसचं. निसर्गातून मिळालेल्या अँटिबायोटिक्सपैकी निम्म्याहून जास्त या एका खानदानाची कमाई आहे.

आणि या खानदानातला एक मेंबर पक्का पिंपरीकर आहे. चेष्टा नाही. त्याचं अधिकृत नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना.

रोज हिंजवडी किंवा भोसरीला जाणाऱ्या मंडळींनी पिंपरीतल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, म्हणजे एच.ए. कंपनीचं नाव निदान स्टॉप म्हणून तरी ऐकलेलं असतं. 1954 साली सरकारने जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने हा कारखाना काढला. काम होतं पेनिसिलिन बनवायचं, मोठमोठ्या टाक्यांत बुरशी वाढवून. पण कंपनीच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते एम. जे. तिरुमलाचार, मूळचे बुरशीतज्ज्ञ. ते आणि त्यांचे सहकारी मातीचे नमुने तपासत बसले. साठच्या दशकाच्या सुरुवातीला पिंपरीच्याच मातीतून हा जीव मिळाला आणि त्याच्यातून बुरशीला मारणारं एक नवं औषध. नाव ठेवलं हॅमायसिन. हिंदुस्थान अँटिबायोटिक्समधला 'एच.ए.' म्हणजे हॅ! अमेरिकेत दोन बायकांनी, एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन यांनी, 1950 मध्ये असंच औषध शोधलं होतं आणि न्यूयॉर्क स्टेटवरून त्याला निस्टॅटिन म्हटलं होतं. आपल्या लोकांनीही तोच फंडा वापरला, आणि का नाही वापरायचा? पुढे याच गटाने ऑरिओफंजिन शोधलं. ते पिकांवरच्या बुरशीसाठी वापरात आलं, अगदी संत्र्याच्या डिंक्या रोगापर्यंत. तिरुमलाचार यांना 1967 चं भटनागर पारितोषिक मिळालं, तेही वैद्यकशास्त्रासाठी.

हे शोधायचं कसं? ऐकायला सोपं आहे. चिमूटभर माती पाण्यात ढवळायची, ते पाणी आणखी पातळ करायचं, जेलीसारख्या खाद्याच्या बशीवर पसरायचं. चार-आठ दिवसांनी ठिपके उगवतात. प्रत्येक ठिपका वेगळा काढून एखाद्या रोगजंतूशेजारी ठेवायचा. ठिपक्याभोवती जंतू न वाढलेलं स्वच्छ कडं दिसलं, की काळजात धस्स. बहुतेक वेळा ते कडं कुणीतरी आधीच शोधलेल्या औषधाचं निघतं. मग दुसरी चिमूट. हजारो वेळा. आपण एक्सेलमध्ये तिसऱ्या रोला कंटाळतो.

हीच मेहनत जंगलातल्या बुरशीवरही घ्यावी लागते, किंबहुना जास्तच. पश्चिम घाटात पावसाळ्यात जमिनीवर कुजत पडलेलं एकेक पान म्हणजे बुरशीची अख्खी सोसायटी. पानं गोळा करून ओलसर डबीत ठेवायची आणि काय उगवतंय ते मायक्रोस्कोपखाली बघत राहायचं. सोमवारी बॅगेत राहिलेला डबा गुरुवारी उघडणाऱ्यांना हे तंत्र ठाऊक आहेच! गोवा विद्यापीठाच्या डी. जे. भट यांनी घाटातल्या अशा सूक्ष्म बुरशींवर आयुष्य घालवलं आणि कितीतरी नव्या जाती जगापुढे आणल्या. पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. तिथे त्या जिवंत जपून ठेवतात, कारण आज निरुपयोगी वाटणारी बुरशी उद्या काय देईल ते सांगता येत नाही. एका छत्रीवाल्या अळंबीतून 1950च्या सुमारास प्ल्यूरोम्युटिलिन मिळालं होतं. त्याच्यापासून बनलेली, माणसाने पोटात घ्यायची गोळी अमेरिकेत मंजूर झाली 2019 मध्ये. तिचं नाव लेफाम्युलिन.

इथपर्यंत दादा हूं हूं करत ऐकत होता. मग म्हणाला, "बुरशीचं मले नको सांगू बाप्पा. एकवीस साली पाह्यलं मी."

2021 चा मे महिना. कोविडमधून उठलेल्या माणसांना म्युकरमायकोसिस होत होता आणि अँफोटेरिसिन-बी नावाचं इंजेक्शन मिळत नव्हतं. मित्राच्या वडिलांसाठी दादा दोन दिवस नागपुरात चिठ्ठी घेऊन फिरला होता. सहा वायल मिळाल्या, लागणार होत्या कितीतरी जास्त. काकांचा एक डोळा गेला. जीव वाचला. त्याच महिन्याच्या शेवटी शेजारच्या वर्धा जिल्ह्यात जेनेटिक लाइफ सायन्सेस कंपनीने हे इंजेक्शन बनवायला सुरुवात केली, ते दादाला पाठ आहे. त्याला हे माहीत नव्हतं, की अँफोटेरिसिनसुद्धा मातीतलंच. व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतून 1955 मध्ये मिळालेलं, आणि आपल्या हॅमायसिनचं सख्खं भावंड शोभेल असं. इतक्या वर्षांनंतरही आपण त्याच्याच मागे पळत होतो, कारण अशी औषधं मोजकीच आहेत.

नवी का येत नाहीत? सोपी मिळणारी आधीच मिळून गेली, हे एक. दुसरं म्हणजे पैसा. बीपीची गोळी माणूस जन्मभर घेतो, अँटिबायोटिक पाच दिवस. त्यात नवं असेल तर डॉक्टर ते राखून ठेवणार, आणि ते बरोबरच आहे. अमेरिकेतल्या अकाओजेन कंपनीचं नवं अँटिबायोटिक जून 2018 मध्ये मंजूर झालं आणि एप्रिल 2019 मध्ये कंपनीने दिवाळं काढलं. लेफाम्युलिनवाल्या नाब्रिव्हा कंपनीनेही 2023 मध्ये गाशा गुंडाळायला घेतला. आपली एच.ए. तर नव्वदच्या दशकातच आजारी कंपन्यांच्या यादीत गेली. इकडे जंतू मात्र फुल फॉर्मात. औषधांना न जुमानणाऱ्या बॅक्टेरियांनी 2019 या एका वर्षात जगभरात थेट 12.7 लाख माणसं मारली, असा 'लॅन्सेट'मधल्या अभ्यासाचा अंदाज आहे.

आणि मी? माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये अझिथ्रोमायसिनची तीन गोळ्यांची स्ट्रिप असायची. प्रेझेंटेशनच्या आदल्या दिवशी नाक गळायला लागलं की एक मारायची, बरं वाटलं की उरलेल्या पुढच्या वेळेला. सर्दी व्हायरसची असते, तिला ही गोळी ढिम्म करत नाही, हे मला माहीत होतं. तरीही. शेजारच्या टीममधल्या तिघांना मी ती उदार मनाने वाटलीही आहे. ते औषध ज्या एरिथ्रोमायसिनपासून बनतं, तेही फिलिपिन्समधल्या मातीच्या एका नमुन्यातून आलंय, हे मात्र माहीत नव्हतं. स्ट्रिप आता फेकली आहे. अपराधी वाटायचं ते वाटतंच.

पाऊस थांबला. दादाने चप्पल घातली.

"मंग आपल्या वावरात बी असन ना असं काही?"

"असू शकतं. शोधलं कुणी?"

"मंग ने एक डबी भरून. दे तुमच्या त्या पुन्यातल्या लोकायले."

वहिनीने श्रीखंडाची रिकामी डबी धुऊन दिली. ती अजून माझ्या डेस्कवर आहे, चार्जरशेजारी. कुणाला द्यायची, कसा फॉर्म भरायचा, ते विचारून घेते आहे. परवा एसी बंद पडला तेव्हा झाकण काढून चमचाभर पाणी घातलं. पलीकडच्या क्युबिकलमधून आवाज आला, "अरे, बाहेर पाऊस लागला का?"