सरासरीचा ढोल आणि मालकीचे मौन

गेली अनेक वर्षे आपल्याकडील परिसंवादांतून एक ढोल नित्यनेमाने बडवला गेला : स्त्रियांच्या रोजगारात बांगलादेशाने भारताला मागे टाकले. बडवणाऱ्यांचा हेतू लपलेला नव्हता. हिंदू समाजाची स्त्रीविषयक परंपराच मागास आहे, हे या एका आकड्यावरून त्यांना सिद्ध करावयाचे होते. परंतु हेतू दूषित असला म्हणून आकडा खोटा ठरत नाही. २०१७-१८ मध्ये पंधरा वर्षांवरील शंभर भारतीय स्त्रियांपैकी जेमतेम तेवीस श्रमशक्तीत होत्या. त्याच सुमारास बांगलादेशात हे प्रमाण छत्तीसच्या घरात होते. २०२३-२४ मध्ये आपला आकडा एक्केचाळीसच्या पुढे गेला आणि मग आपल्यातीलही काहींनी गळ्यात ढोल अडकवला. पण या दोन्ही ढोलांच्या गजरात मूळ प्रश्न ऐकू येईनासा झाला आहे.

देशांच्या सरासऱ्या शेजारी मांडणे ही तुलना नव्हे. प्रांताशेजारी प्रांत ठेवून पाहा. हिमाचलातील बहुसंख्य स्त्रिया कामावर आहेत, तर बिहार राष्ट्रीय सरासरीच्या बराच खाली आहे. दोन्ही प्रांत एकाच देशातले, दोन्हीकडे समाज प्रामुख्याने हिंदूच; मग दोष परंपरेचा कसा? श्रीलंकेने १९६० मध्ये जगाला पहिली महिला पंतप्रधान दिली. तेथे शंभरातील नव्वदहून अधिक स्त्रिया साक्षर आहेत आणि तरीही श्रमशक्तीत त्यांच्यापैकी तिघींमागे एकच आहे. म्हणजे केवळ शाळेनेही हा प्रश्न सुटत नाही.

आता सरासरीच्या तळाशी उतरू. श्रीलंकेच्या डोंगराळ भागात, नुवारा एलियाच्या मळ्यांत चहा खुडणारी तमिळ स्त्री बहुधा हिंदू आहे. १९४८ च्या कायद्याने तिच्या समाजाचे नागरिकत्वच काढून घेतले होते. प्रदीर्घ आंदोलनानंतर २०२१ मध्ये तिची रोजची मजुरी हजार श्रीलंकन रुपये झाली. पिढ्यान्‌पिढ्या जिथे संसार केला त्या खोलीची मालकी मात्र तिची नाही. बांगलादेशाच्या सिल्हेट भागातील चहामळ्यांतही तीच कहाणी. इंग्रजांनी छोटा नागपूर, ओरिसा येथून नेलेल्या मजुरांचे हे वंशज बहुतांश हिंदू आहेत. त्यांचे १२० टका रोजाचे १७० झाले, पण त्यासाठी ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांना संप पुकारावा लागला. सिंधमध्ये कापूस वेचणी हे जवळजवळ सर्वस्वी स्त्रियांचे काम. उमरकोट-मिठी परिसरात त्यांत भिल्ल, कोळी, मेघवार हिंदू स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. २०१८ मध्ये पाकिस्तानच्या सिनेटवर निवडून गेलेल्या कृष्णाकुमारी कोल्ही यांच्या बालपणीची काही वर्षे जमीनदाराच्या वेठबिगारीत गेली होती. बांगलादेशाच्या आकड्यावर भाषणे ठोकणाऱ्यांना या भगिनी कधी आठवल्या नाहीत. सरकारी गणनेत त्या ‘रोजगार असलेल्या स्त्रिया’ आहेत, एवढ्यावर त्यांचे समाधान होते!

ज्या वस्त्रोद्योगाचे गोडवे गायले जातात, त्याने बांगलादेशातील लाखो मुलींना गावाबाहेर काढून पगार दिला, हे मान्यच केले पाहिजे. पण २०१३ च्या एप्रिलमध्ये साभार येथील राणा प्लाझाच्या भिंतींना तडे गेले, तेव्हा त्याच इमारतीतील बँकेने आपल्या कर्मचाऱ्यांना घरी पाठवले आणि शिलाई कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावण्यात आले. इमारत कोसळून अकराशेहून अधिक जीव गेले. त्यांत बहुसंख्य स्त्रियाच होत्या. पगार त्यांचा होता, निर्णय त्यांचा नव्हता. नोबेल मिळालेल्या सूक्ष्मकर्जाचेही तसेच. कर्ज बाईच्या नावावर, पण पैसा अनेकदा घरातील पुरुषाच्या हाती, हे बांगलादेशातील अभ्यासकांनी १९९० च्या दशकातच दाखवून दिले होते.

शेजाऱ्यांकडे रोखलेले हे बोट आता स्वतःकडे वळवू या. आपल्या वाढलेल्या आकड्यात घरच्या शेती-धंद्यात विनामोबदला राबणाऱ्या स्त्रियांचा वाटा मोठा आहे. बीडहून ऊसतोडीला जाणारी स्त्री स्वतंत्र मजूर म्हणून मोजलीच जात नाही. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, आणि उचल घेतो तो नवरा! २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील शेतीच्या खातेदारांत स्त्रिया सुमारे चौदा टक्केच आहेत. मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये, तर देशाने २००५ मध्ये दिला. मग सुशिक्षित, संस्कारी घरांतून भाऊबीजेच्या ओवाळणीबरोबर बहिणीपुढे हक्कसोडपत्र कसे सरकवले जाते? हे कोणत्या संस्कृतीत बसते?

आपल्या परंपरेत याचे उत्तर आहे. राष्ट्र सेविका समितीने जिजाऊंचे मातृत्व, अहिल्यादेवींचे कर्तृत्व आणि राणी लक्ष्मीबाईंचे नेतृत्व हे तीन आदर्श पुढे ठेवले. आपण पहिल्याची आरती केली आणि दुसऱ्याचे केवळ पुतळे उभारले. अहिल्यादेवींनी महेश्वरात विणकर वसवून उद्योग उभा केला. निपुत्रिक विधवेचे धन सरकारजमा न करता तिच्याच हाती राहू दिले. स्त्रीच्या श्रमाला मालकीची जोड हवी, हे त्यांनी अडीचशे वर्षांपूर्वी ओळखले होते. १९५९ मध्ये गिरगावात सात भगिनींनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या लिज्जत पापडाचे मर्मही हेच : तेथे लाटणारी प्रत्येक भगिनी नोकर नसून मालकीण आहे.

म्हणून यापुढे कोणी स्त्रियांच्या रोजगाराचा आकडा फेकला, मग तो विरोधकाचा असो वा आपला, तर एकच प्रश्न विचारावा : सातबारा कोणाच्या नावावर, बँकेच्या खात्यावर सही कोणाची, नफा कोणाचा? बचत गटांत आज दहा कोटींच्या आसपास भगिनी आहेत. त्यांना केवळ पापड-लोणच्यांच्या प्रदर्शनापुरते व्यासपीठ देऊन भागणार नाही. भांडवल, बाजारपेठ आणि जमीन दिली पाहिजे. प्रत्येक कार्यकर्त्याने याचा प्रारंभ स्वतःच्या घरापासून करावा. घराच्या कागदावर पत्नीचे नाव घालावे आणि बहिणीकडे मागितलेले हक्कसोडपत्र फाडून टाकावे. मातृशक्तीचा जयघोष करण्याचा अधिकार त्यानंतरच आपल्याला पोहोचतो.