मेलेलाच गुन्हेगार?

चिंचवडला लोहमार्गाच्या एका अंगास गाव, दुसऱ्या अंगास महामार्ग आणि औद्योगिक वसाहत. पाळी गाठण्यासाठी निघालेला कामगार गाडीखाली सापडला, की 'रूळ ओलांडताना मृत्यू' एवढी नोंद होते आणि रेल्वेची जबाबदारी तेथेच संपते!

१९८९ च्या रेल्वे कायद्याने रुळांवरील अनधिकृत प्रवेशास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड ठरविला. पूल न बांधणाऱ्यास शिक्षा कोणती? डॉ. अनिल काकोडकर समितीने २०१२ साली असे सुमारे १५,००० मृत्यू दरवर्षी होतात असे सांगितले आणि त्यांस कत्तल म्हटले. कत्तलीत मेलेलाच दोषी असतो काय?

रूळ येथे १८५८ पासून आहेत. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, कारखान्यांना जमीन, पाणी, वीज मिळाली. कामगार रूळ कसे ओलांडणार, हा प्रश्न मात्र शासनाला पडला नाही.

दंड आणि भिंती हे त्यावरचे उत्तर नव्हे. माणसे जेथून रोज जातात, तेथेच पादचारी पूल वा भुयारी मार्ग हवा. खर्च रेल्वे, महापालिका आणि कारखानदारांनी उचलावा. ही मागणी वस्तीवस्तीतून उठली पाहिजे.