जुन्या जीपच्या पाच तक्रारी

इंदूरहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या सासऱ्यांनी हौसेने घेतलेली उंच बॉनेटची पेट्रोल जीप पुष्कळ वर्षे घरामागच्या शेडमध्ये धूळ खात उभी होती. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या चिरंजीवांनी ती पुन्हा चालू केली, आणि आता मे महिन्यात आजीला घेऊन, मानपूरच्या पुढचा घाट उतरून, महेश्वरला नर्मदेवर जाण्याचा त्यांचा बेत आहे. पत्रात बाईंनी पाच तक्रारी मांडल्या आहेत. भर दुपारी गाडी मध्येच बंद पडते व अर्ध्या तासाने आपण होऊन चालू होते. सेल्फ मारला की कधीकधी नुसता ‘टक्’ आवाज होतो. फोर-व्हीलची दांडी एकदा टाकली की परत निघत नाही. ताशी पन्नास किलोमीटरच्या सुमारास स्टेअरिंग थरथरू लागते. आणि पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहावे तसे लिहिले आहे की ब्रेक तसा ठीक आहे, फक्त पायडल दोनदा दाबावे लागते, परंतु घरच्या मंडळींना आता त्याची सवय झाली आहे.

बाई, पहिल्या चार तक्रारींवर महेश्वरचा बेत अडावयाचे कारण नाही. पाचवीवर मात्र तो अडलाच पाहिजे. म्हणून उत्तराचा आरंभ तिच्यापासून करतो.

आपली जीप ज्या घराण्यातील आहे ते सी. जे. ३ बी हे नमुनेदार वाहन विलीज कंपनीने १९५३ साली अमेरिकेत बाजारात आणले, व पुढे महिंद्र कंपनीने ते आपल्याकडे बनविले. ह्या जुन्या गाड्यांत चारही चाकांच्या ब्रेकला दाब पोहोचविणारा मास्टर सिलिंडर एकच असतो. आजच्या मोटारींत दोन स्वतंत्र मार्ग असतात. एक गळला तरी दुसरा काही अंशी गाडी थांबवितो. येथे तशी सोय नाही. एका चाकाशी गळती लागली की चारही चाकांचा ब्रेक जातो. त्यात हा मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखालच्या पत्र्याखाली बसविलेला असतो, आणि दृष्टीआड असल्यामुळे त्यातील तेलाची पातळी वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही.

परीक्षा घरच्या अंगणात करता येईल. गाडी सपाट जागी उभी करावी, चाकांना पुढून-मागून दगड लावावेत, इंजिन बंद ठेवावे. पायडल सावकाश एकदा दाबून ते किती खाली जाते ते पाहावे. मग सोडून लगेच पुन्हा दाबावे. दुसऱ्या खेपेस ते वर राहिले व पायाला दगडासारखे टणक लागले, तर बहुधा ब्रेकचे लायनर झिजून ड्रमपासूनचे अंतर वाढले आहे. लायनर शिल्लक असेल तर चाकामागच्या पत्र्यावरील बोल्ट फिरवून ते अंतर कमी करता येते. दुसऱ्या खेपेस वर राहूनही पाय स्पंजावर ठेवल्यासारखा वाटला, तर नळ्यांत हवा शिरली आहे. ती काढून टाकणे सोपे. परंतु ती शिरली कोठून हे शोधल्यावाचून गाडी रस्त्यावर आणू नये. तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची आहे. पायडल एक मिनिटभर सारखे दाबून धरावे. ते पायाखाली हळूहळू खचू लागले, तर कोठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरमधील रबरी कप निकामी झाले आहेत. अशी गाडी घराच्या फाटकाबाहेर काढू नये. चाकांच्या आतील अंगास ओल दिसते काय तेही पाहावे.

तेल कमी भरल्यास ब्रेकचेच तेल घालावे. हाताशी आहे म्हणून इंजिनचे तेल घालणारे महाभाग मी पाहिले आहेत; त्या तेलाने रबर फुगते आणि साऱ्या ब्रेकचा नाश होतो. झाकण उघडण्यापूर्वी भोवतालची माती फडक्याने स्वच्छ पुसावी. इतकी वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीतील तेल तर बदललेच पाहिजे, कारण ते हवेतील ओलावा शोषून घेते.

सवयीविषयी आपण लिहिले आहे म्हणून सांगतो. मीही एके काळी दोन वर्षे असेच पायडल दोनदा दाबून काढली. एका उतारावर गुरांचा कळप अचानक आडवा आला, आणि दुसऱ्यांदा दाबावयास वेळच मिळाला नाही. गाडी बांधावर चढवून थांबविली, एवढेच. गुरे वाचली, पुढची स्प्रिंग गेली. त्या दिवशी आई माझ्या शेजारी बसली होती. ब्रेक हे दुसऱ्यांदा दाबण्याचे यंत्र नव्हे, हे ज्ञान मला तेव्हा झाले.

आणखी एक गोष्ट. ह्या जीपचा हातब्रेक चाकांवर नसून मागे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवर असतो. मागचे एक चाक जॅकवर उचलले की ते अधांतरी चाक फिरू शकते, आणि हातब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकते. पंक्चर काढताना दगड लावल्यावाचून जॅक लावू नये. घाटात पायाचा ब्रेक गेल्यास हाच हातब्रेक आपणांस तारील, ह्या भरवशावरही राहू नये.

आता दुपारी बंद पडणाऱ्या इंजिनाकडे वळू. ह्या एका तक्रारीपायी किती कार्ब्युरेटर विनाकारण उघडले गेले असतील ह्याची गणती नाही! सकाळी गाडी उत्तम चालते. दुपारी चहासाठी दहा मिनिटे थांबलो की पुन्हा चालू होत नाही. अर्ध्या तासाने जणू काही झालेच नाही अशी सुरू होते. ह्याची कारणे बहुधा दोन असतात, आणि दोन्हींची लक्षणे इतकी सारखी की अनुभवी मेकॅनिकही फसतो. पहिले कारण असे की टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप, ज्याला मेकॅनिक लोक ए. सी. पंप म्हणतात, तो इंजिनाच्या डाव्या अंगास, तापलेल्या एक्झॉस्टच्या बाजूसच असतो. उन्हाळ्यात तेथील पेट्रोलची वाफ होते. पंप द्रव ओढण्यासाठी केलेला आहे. वाफ त्याला पुढे ढकलवत नाही. दुसरे कारण विजेचे. जुनी कॉइल किंवा कंडेन्सर तापला की काम सोडतो व थंड झाला की पुन्हा करू लागतो.

निवाडा करावयाचा तर गाडी बंद पडलेली असतानाच करावा. चालू झाल्यावर काहीच कळत नाही. आधी पेट्रोलचा वास किंवा गळती नाही ना हे पाहावे. मग डिस्ट्रिब्यूटरच्या मधली जाड वायर काढून, तिचे टोक कोरड्या फडक्यात धरून इंजिनाच्या उघड्या लोखंडापासून थोड्या अंतरावर ठेवावे व दुसऱ्याने सेल्फ मारावा. निळसर, खणखणीत ठिणगी पडली तर दोष विजेचा नव्हे, पेट्रोलच्या वाफेकडे बोट दाखवावे. ठिणगी पडलीच नाही किंवा पिवळी, दुबळी पडली, तर कंडेन्सर, प्लॅटिनम पॉइंट व कॉइल ह्या क्रमाने पाहावे. पॉइंटमधील फट ०.०२० इंच, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर असावी.

वाफेवरचा वाटेतील उपाय म्हणजे बॉनेट उघडून पंपावर व त्याच्या नळीवर ओले फडके गुंडाळणे. पाण्याची बादली मात्र ओतू नये. तापलेल्या बिडाच्या एक्झॉस्टवर गार पाणी पडले तर तो तडकतो. कायमचा उपाय घरी करावयाचा: नळी एक्झॉस्टपासून दूर वळवून घ्यावी व मध्ये पत्र्याचा आडोसा बसवावा. ही तक्रार आता पूर्वीपेक्षा अधिक ऐकू येते, त्याचे एक कारण इंधनात आहे. २०२५ सालापर्यंत आपल्या देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा पल्ला गाठला गेला. सासऱ्यांच्या काळातील रबर अशा इंधनासाठी बनविलेले नव्हते. पंपातील पडदा व सर्व रबरी नळ्या नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या प्रतीच्या घालाव्यात. नळीला भेगा पडल्या असतील तर तो विषय गाडी बंद पडण्याचा राहत नाही, आगीचा होतो.

सेल्फच्या ‘टक्’ आवाजासाठी नवी बॅटरी घेण्याची घाई करू नये. दिवे लावून सेल्फ मारावा. दिवे एकदम मालवले तर बॅटरी उतरली आहे किंवा तिची जोडणी सैल आहे. तेजस्वी राहिले तर दोष सेल्फकडे आहे. जोडणीवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड दिसेल, ती गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवावी, घट्ट आवळून वर व्हॅसलीन लावावे. काढताना अर्थिंगची वायर आधी काढावी, लावताना शेवटी लावावी. इंजिन व चासीमधील अर्थिंगची पट्टीही तपासावी. आपली जीप मूळची सहा व्होल्टची असेल तर हे विशेषच महत्त्वाचे, कारण तेच काम करण्यास तेथे बारा व्होल्टच्या दुप्पट प्रवाह लागतो आणि थोडीशी घाणही जड जाते.

फोर-व्हीलची दांडी अडकते त्यात यंत्राचा दोष बहुधा नसतो. चिरंजीव डांबरी रस्त्यावर ती टाकीत असावेत. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा अधिक अंतर कापतात. ह्या गाडीत पुढच्या व मागच्या शाफ्टमध्ये तो फरक सामावून घेणारे डिफरन्शियल नाही. मातीत चाक थोडे घसरून हिशेब जुळवून घेते. डांबरावर ते घसरत नाही व सगळा पीळ दांत्यांवर बसतो. हातोडी घेऊ नये. गाडी दहा-पंधरा फूट सरळ मागे घ्यावी, क्लच दाबावा, दांडी अलगद निघेल. पुढे नवे व मागे झिजलेले टायर असले तरीही हाच पीळ भरतो.

राहिली थरथर. आधी पुढच्या दोन्ही टायरांतील हवा सारखी करावी, चाकांचे नट आवळावेत. मागच्या चाकांना दगड लावून पुढचे चाक जॅकवर उचलावे, वरून-खालून धरून हलवावे. खटखट लागली तर बेअरिंग किंवा किंगपिन सैल आहे, व ते काम कारखान्यातच करून घ्यावे.

महेश्वरला निघण्याच्या आदल्या दिवशी पायडल पुन्हा एक मिनिट दाबून धरून पाहावे, आणि ते आजींच्या समोर पाहावे. घाट पहिल्यापासून खालच्या गिअरमध्ये उतरावा. सोबत पाण्याचा कॅन, दोन फडकी, पाने, एक जास्तीचा कंडेन्सर व दोन चांगले दगड असू द्यावेत. रस्त्यात दगड शोधीत बसण्याची वेळ नेहमी अडचणीचीच असते.