आता कोणासाठी?

परवा नाशिकला मावशीकडे गेले होते. जानेवारीतली नाशिकची थंडी काय असते, ते नाशिककरांनाच विचारा! संध्याकाळी एका रिसेप्शनला जायचं होतं. मावशीची शाल काढायला कपाट उघडलं, तर कोपऱ्यात निळ्या झाकणाची 'शालिमार'ची बाटली. काकांनी आणलेली. काका जाऊन सहा वर्षं झाली, बाटली अर्ध्यावर तशीच!

"लाव ना गं आज," म्हटलं, तर म्हणाली, "आता कोणासाठी? आणि लोक काय म्हणतील?"

मी गप्प बसले. पण तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय.

'शालिमार' हे गेरलँ या फ्रेंच घराण्याचं, १९२५ सालचं पर्फ्युम. आधी बर्गामॉट या लिंबाच्या भावंडाचा ताजा वास येतो, मग जाई, गुलाब, आणि शेवटी बराच वेळ रेंगाळणारा व्हॅनिला. आपल्याला व्हॅनिला म्हटलं की आइस्क्रीम आठवतं. हा मात्र ऊबदार, थोडा धुरकट आणि हो, मादकसुद्धा! मुंबईच्या घामात मला तो अगदी नकोसा होतो. व्हॅनिलासारखे जड वास सावकाश उडतात, उकाड्यात ते अंगावर येतात. थंडीत मात्र शालीच्या आत, अंगाच्या उबेने हळूहळू उमलतात. म्हणजे शेजारच्याच्या आधी वास येतो तो लावणाऱ्यालाच! मग "कोणासाठी" या प्रश्नाला अर्थ काय उरला?

नावाची गोष्ट तर आणखी गमतीची. हे नाव शहाजहान-मुमताजच्या प्रेमकथेवरून, शालिमार बागेवरून घेतलं असं सांगतात. मुमताज १६३१ साली बऱ्हाणपूरला वारली. लाहोरचा शालिमार बाग शहाजहानने बांधायला घेतला १६४१ साली. म्हणजे ती गेल्यावर दहा वर्षांनी! आता कोणासाठी, असं त्याला कोणी विचारलं नसेल. बादशहाला कोण विचारणार म्हणा! विधुराने अत्तर लावलं तरी कोणी विचारत नाही. पुसायला लावतात ते फक्त बाईला. कुंकू, गजरा आणि आता वाससुद्धा.

मला हे अजिबात पटत नाही. हे वाचणाऱ्या आमच्या तमाम नातेवाइकांनाही (मावशीला विचारूनच लिहितेय) स्पष्ट सांगते, पुढच्या लग्नात तिच्याजवळ छान वास आला, तर "छान वास येतोय" एवढंच म्हणा.

असो. लावलं का तिने? लावलं! एकच फवारा, तोही दार लावून. बाटलीतला रंग गडद झालाय, सुरुवातीचा लिंबाचा ताजेपणा उडून गेलाय, पण व्हॅनिला शाबूत आहे. रिसेप्शनमध्ये कोणी काही बोललं नाही. येताना रिक्षात मावशी शालीत नाक खुपसून बसली होती. थंडी वाजतेय का विचारलं, तर नुसती "नाही गं" म्हणाली.