रोलँडचा घात : फितुराचा शोध ३०० वर्षांनी

१/ पराभव झाला की घरभेदी शोधायचा, ही खोड फार जुनी आहे. मध्ययुगीन युरोपच्या वीरकाव्यांनी तिला राजवस्त्रे चढवली. त्या काव्यांतला सर्वांत कुप्रसिद्ध फितूर म्हणजे गॅनेलॉन. अडचण एवढीच, की ज्या लढाईचे खापर त्याच्या माथी फुटले, त्या लढाईच्या जुन्या वृत्तांतांत तो नाहीच.

२/ आधी घटना. इ. स. ७७८. सारागोसा हाती न लागल्याने फ्रँकांचा राजा शार्लमेन स्पेनमधून माघारी फिरला. वाटेत त्याने पाम्पलोनाची तटबंदी पाडली. पुढे १५ ऑगस्टला पिरेनीजच्या खिंडीत बास्कांनी त्याची पिछाडी कापून काढली.

३/ शार्लमेनचा चरित्रकार आइनहार्ड मृतांमध्ये रोलँडचे नाव देतो आणि पराभवाची कारणेही सांगतो : फ्रँकांची जड शस्त्रे, अडचणीची जागा, हलके आणि चपळ शत्रू. बास्कांना तो विश्वासघातकी म्हणतो. परंतु फ्रँकांच्या गोटातल्या फितुराविषयी अवाक्षर काढत नाही.

४/ सुमारे ३०० वर्षांनी, इ. स. ११००च्या आसपास, 'रोलँडचे गीत' आकाराला आले. त्यात बास्क गायब झाले आणि त्यांच्या जागी अफाट सारासेन सेना उभी राहिली. रोलँड राजाचा भाचा झाला, आणि त्याचा सावत्र बाप गॅनेलॉन शत्रूला मिळाला.

५/ ही सोय कोणाची झाली? राजाची. फसलेली मोहीम, पाडलेले तट, मोकळी सोडलेली पिछाडी, सारे एका माणसाच्या पापात बुडाले. आणि खिंडीत खरोखर जिंकलेल्या बास्कांकडून त्यांचा विजयही हिरावला गेला.

६/ गंमत अशी की, 'फितुरीमुळेच हरले' एवढाच बोध घेणाऱ्यांपेक्षा ते काव्य अधिक प्रामाणिक आहे. ऑलिव्हर रोलँडला रणशिंग फुंकून मदत मागवायला विनवतो. नावाला बट्टा लागेल म्हणून रोलँड नकार देतो. पुढे ऑलिव्हर त्याला तोंडावर सुनावतो, की हे फ्रँक तुझ्या अविचाराने मेले.

७/ गॅनेलॉनचा खटलाही पाहावा. शत्रूकडे वकील म्हणून त्याचे नाव रोलँडनेच भर सभेत सुचवले होते. आधीच्या वकिलांची तर मुंडकी उडाली होती. म्हणून तो म्हणतो : हा उघड वैराचा सूड होता, राजद्रोह नव्हे. बहुतेक सरदार त्याला सोडायला तयार होतात! अखेर निकाल लागतो तो द्वंद्वयुद्धाने. गॅनेलॉनला घोड्यांकरवी फाडले जाते आणि त्याला जामीन राहिलेल्या ३० नातलगांना फाशी होते.

८/ म्हणजे दरबार आधीच दुभंगलेला होता. सरदारांची कुळवैरे राजाला आवरत नव्हती. काव्याने हे दाखवले; ऐकणाऱ्यांनी मात्र फक्त फितूर लक्षात ठेवला.

९/ इतिहासात फितुरी झालीच नाही, असे कोणी म्हणणार नाही. पण तो आरोप आहे, आणि आरोपाला पुरावा लागतो. फितुराचे नाव घटनेच्या काळात कोणी घेतले का? की कित्येक पिढ्यांनी, राजाची कीर्ती सांभाळण्यासाठी, ते पुढे आले? हे दोन प्रश्न न विचारता जो घरभेदी शोधतो, तो इतिहास वाचत नाही. हरलेल्या राजाची वकिली करतो.

(समाप्त)